गरम जिलेबीचं प्रकरण

नव्या वर्षाचं कॅलेंडर खिळ्याला अडकवताना जीवराम भारंबे यांना जो साक्षात्कार झाला, तो त्याआधी जळगावातल्या निदान हजारभर नोकरदारांना होऊन गेला होता. शनिवार, रविवार आणि त्यांना चिकटून सोमवारी सव्वीस जानेवारी. पण जीवरामभाऊंना वाटलं, ही सुट्टी पंचांगकर्त्यांनी आपल्यासाठीच राखून ठेवली आहे. ते स्टुलावरून उतरले आणि स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, "आपण बुरहानपूरला जाऊ."

कुंदाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. तेहतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपण होऊन कुठे जाऊ म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं, पण ते नेहमी कोणाच्या तरी तेराव्याला.

जीवरामभाऊ एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून. दाखल्यांचं टेबल त्यांच्याकडे. माणूस सरळ, कोणाचा चहासुद्धा प्यायचा नाही. पण समोर आलेला अर्ज चाळला, चष्मा कपाळावर सरकवला की त्यांच्या तोंडून एकच वाक्य निघे: "एक कागद कमी आहे." हे वाक्य ऐकून तालुक्यातली किती माणसं उन्हातान्हात परत गेली असतील, त्याची गणती नाही. यमदूत आले तरी भाऊ त्यांना एक कागद कमी आहे म्हणून माघारी पाठवतील, असं कचेरीत बोललं जाई. भाऊंना ते ऐकू येई आणि मनातून बरंही वाटे.

बुरहानपूरचं मूळ मात्र कॅलेंडरात नव्हतं. दिवाळीनंतर एका संध्याकाळी कुंदाबाई मोबाइलवर जिलेबी तळण्याचा व्हिडिओ पाहत बसल्या होत्या. काळपट, जाडजूड, बुरहानपूरची मावा जिलेबी. पाहता पाहता त्या सहज बोलून गेल्या. त्यांचे वडील, निंबानाना सरोदे, रावेरकडचे. दरवर्षी दिवाळीआधी कापड घ्यायला बुरहानपूरला जायचे आणि येताना वर्तमानपत्राच्या कागदात जिलेबी बांधून आणायचे. घरी येईपर्यंत ती थंड आणि कागदाला चिकटलेली. लहानगी कुंदा विचारायची, गरम का नाही आणली? नाना म्हणायचे, "पोरी, गरम जिलेबी आनता येत नसते. तिच्यापाशी जावं लागते. एक दिवस नेईन तुले." आधी कापसाची वेचणी आडवी आली, मग कुंदाचं लग्न, मग नानांचं दुखणं. नाना गेले त्याला आता एकवीस वर्षं झाली होती.

"बुरहानपूरपासून तीस किलोमीटरवर माझं माहेर," कुंदाबाई म्हणाल्या, "अन् अजून मी ते गाव पाह्यलं नाही. आहे का नाही गंमत?"

गंमत म्हणून सांगितलं होतं, पण जीवरामभाऊंना ते कुठेतरी लागलं. म्हणून हे बुरहानपूर.

"येईन," कुंदाबाई लाटणं पुन्हा सुरू करत म्हणाल्या, "पण एक अट. मले कोनाच्या घरी नाही न्यायचं. पाव्हणी म्हणून गेलं की बाई पाचव्या मिनिटाले चुलीपाशी असते. मी दुकानात बाकावर बसणार, माझ्यासमोर जिलेबी तळली जाणार, अन् मी ती बसून खाणार. तीन दिवस मी भांड्याले हात लावणार नाही."

"दिला शब्द," जीवरामभाऊ म्हणाले. सरकारी माणसाने तोंडी शब्द देण्याची ही पहिलीच वेळ असावी.

तोंडी शब्दावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नसल्यामुळे त्यांनी लगेच फाईल उघडली. खाकी पुठ्ठा, हिरवी दोरी, वर ठळक अक्षरात 'विषय: बुरहानपूर सहल.' आत तक्ता. शाही किल्ला, किल्ल्यातला हमामखाना, जामा मशीद, कुंडी भंडाऱ्याच्या जमिनीखालच्या विहिरी, असीरगड. प्रत्येकापुढे वेळ. फारुकी राजांच्या काळात खानदेशाची राजधानी तिथं होती, हे त्यांनी वाचून ठेवलं. "आपली राजधानी न पाहता आपण तालुक्यात जन्म घालवला," असं ते दोन दिवस भेटेल त्याला ऐकवत होते. आणि शनिवारच्या रकान्यात पहिलीच नोंद होती: 'सकाळी १०.४५, जिलेबी (गरम).'

पहिलं घोडं अडलं ते त्यांच्याच कचेरीत. मुख्यालय सोडून जायचं तर परवानगी हवी, आणि सव्वीस जानेवारीला तर झेंडावंदनाला हजेरी. तेहतीस वर्षांत भाऊंनी एकही झेंडावंदन चुकवलं नव्हतं. त्यांनी अर्ज लिहिला. तो शेजारच्या टेबलावरच्या हितेंद्रकडे गेला. हितेंद्र वयाने तिशीचा. त्याने अर्ज चाळला, स्वतःचा चष्मा कपाळावर सरकवला आणि अत्यंत आदराने म्हणाला, "भाऊ, एक कागद कमी आहे."

सगळी कचेरी खाली मान घालून हसत होती. जीवरामभाऊंनी गुमान वेगळं हमीपत्र लिहून जोडलं: 'सदर दिवशी मी बुरहानपूर येथे ध्वजवंदनास उपस्थित राहीन.' खाली सही, तारीख. ते जे लिहीत ते पाळत.

सहल गुप्त ठेवायची, हे नवरा-बायकोत ठरलं होतं. पण कुंदाबाईंनी दूधवाल्याला तीन दिवस दूध नको म्हणून सांगितलं, आणि खानदेशात दूधवाल्याला सांगणं म्हणजे चावडीवर दवंडी देणंच. तासाभरात कॉलनीचा सल्ला सुरू झाला. वरच्या मजल्यावरचे ज्ञानेश्वर, रेल्वेतून निवृत्त, यांनी कुठल्या डब्यात कुठल्या बाजूला ऊन येतं ते सांगितलं. कोणी म्हणालं, एवढ्याशा जवळ कशाला, लोक केरळला जातात. कोणी म्हणालं, स्वेटर न्या. आणि शुक्रवारी संध्याकाळी भिंतीपलीकडच्या बेबाबाई भलीमोठी पिशवी घेऊन आल्या.

बेबाबाई मूळच्या धुळ्याकडच्या, जळगावात तीस वर्षं राहूनही बोली तिकडचीच. "भाऊ, तुम्हीन बुरहानपूरले जाई ऱ्हायनात म्हने. मनी चारू तठेच शे. एवढी पिशवी दी द्या तिले. बठ्ठा वांगा आज सकायनाच तोडेल शेतस."

पिशवीत भरताची वांगी होती. हिरवी, गुटगुटीत, सगळी त्याच सकाळी तोडलेली, पाच किलो. वर चिठ्ठीत मुलीचा, म्हणजे चारुलताचा, आणि तिच्या सासऱ्यांचा फोन नंबर.

"घरी जायची गरज नही," बेबाबाई घाईने म्हणाल्या, "चारू स्टेशनवर ई जाई."

नाही म्हणणार कसं? पिशवी घेतली. जिन्यात ज्ञानेश्वरांनी ती पाहिली आणि हळहळून मान हलवली. "वांगी घेतली का भाऊ? मग संपली तुमची सहल." कारण ज्याने वांगी आणली त्याला भरीत खाऊ घातल्याशिवाय सोडायचं नाही, हा आपल्याकडचा कायदा आहे. तो कुठल्या पुस्तकात छापलेला नाही, म्हणून जीवरामभाऊंच्या ध्यानात आला नसावा.

शनिवारी दहाच्या सुमाराला दोघं राज्याची हद्द ओलांडून बुरहानपूरला उतरली. कुंदाबाईंनी खास ठेवणीतली जांभळी साडी नेसली होती. गाडीतून रावेर दिसलं तेव्हा त्या उभ्या राहून खिडकीबाहेर पाहत होत्या, आणि रावेर मागे पडल्यावरसुद्धा काही वेळ उभ्याच होत्या.

स्टेशनवर चारुलता नव्हती. ती शाळेत शिक्षिका; पोरांची कवायत बसवत होती आणि मोबाइल पर्समध्ये. अर्धा तास वाट पाहून जीवरामभाऊ म्हणाले, "आधी लॉजवर सामान टाकू, मग वांगी, मग जिलेबी." जिलेबी तिसऱ्या नंबरवर गेली ती इथं.

लॉजची खोली पुण्याहून मुलाने, भूपेंद्रने, फोनवरून बुक केली होती. काउंटरवरच्या मॅनेजरने दोघांची आधार कार्डं घेतली. एकदा हे पाहिलं, एकदा ते. मग पुन्हा हे.

"सर, ये मॅडम आपकी कौन हैं?"

"कौन हैं म्हणजे? पत्नी आहे!"

"इसमें तो लिखा है, कुंदा निंबा सरोदे."

इथं थोडं मागचं सांगावं लागेल. आधार कार्ड काढायचं होतं तेव्हा घरात कुंदाबाईंचा शाळा सोडल्याचा दाखलाच तेवढा हाताशी होता. कार्ड माहेरच्या नावाने निघालं. जीवरामभाऊ म्हणाले होते, "पुढच्या आठवड्यात बदलून घेऊ." ज्या टेबलावरून गावभरच्या बायकांच्या नावांचे कागद सरकत, त्या टेबलामागच्या माणसाला बायकोच्या नावासाठी चौदा वर्षांत तो पुढचा आठवडा सापडला नव्हता. काखेत कळसा म्हणतात तो असा.

"शादी का सर्टिफिकेट?" मॅनेजरने विचारलं.

"अहो, ब्याण्णव साली लग्न झालंय! पोरगा पुण्याला इंजिनिअर आहे!"

"होगा सर. लेकिन नियम है." मॅनेजरने सहानुभूतीने दोन्ही कार्डं परत सरकवली. "एक कागज कम है."

सत्तावन्न वर्षांचा माणूस, डोक्यावर टक्कल, एका हातात स्वेटरांची बॅग, दुसऱ्या हातात पाच किलो वांगी, आणि त्याला परक्या गावात, शेजारी उभी असलेली बाई आपलीच आहे हे सिद्ध करता येत नव्हतं. सोफ्यावर पेपर वाचत बसलेले दोघे आता पेपरच्या वरून पाहत होते. कुंदाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या रडत असतील असं वाटून भाऊ वळले, तर त्यांचे खांदे हसण्याने गदगदत होते.

"लोकल में कोई पहचानवाला?" मॅनेजरने वाट दाखवली.

जीवरामभाऊंनी वांग्यांच्या पिशवीतली चिठ्ठी काढली. चारुलताचा फोन लागेना. मग सासऱ्यांचा लावला. चुडामण आबा, केळीचे बागायतदार, गावातच घर. दहाव्या मिनिटाला त्यांची पिकअप जीप लॉजसमोर उभी राहिली. पांढरं धोतर, डोईला टोपी, आवाज असा की सोफ्यावरच्या दोघांनी पेपर घडी करून ठेवला.

"यांचं लगीन झालेलं आहे का, असं इचारतो तू?" आबांनी मॅनेजरला विचारलं. "थोबाडं पाह्य ना दोघांचे! बिनालग्नाचे मानसं असे दिसतात का?"

हा पुरावा मॅनेजरने मान्य केला. तो किल्ली काढायला वळला, तोवर आबांनी बॅग उचलली होती. "लॉजवर? अन् वांगे माह्या घरी? लोकं काय म्हणतील साहेब? मी जिता असताना?"

कुंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने जिपेकडे पाहिलं. वांगी आधीच पुढच्या सीटवर बसली होती.

आबांच्या घरी पोचल्यावर जीवरामभाऊंनी मनगटावर नजर ठेवली. आबांच्या पत्नी कमलबाईंनी हळदीकुंकू लावलं, पाणी दिलं, "बसा व ताई," म्हणाल्या. कुंदाबाई बसल्या. चौथ्या मिनिटाला उठल्या. "जळगावची बाई घरात असताना भरीत आम्ही कसाले करावं?" असं कोणीतरी आतून म्हणालं होतं, आणि त्यावर बसून राहणं कुठल्याच खानदेशी बाईला जमलं नसतं. अंगणात कपाशीच्या काड्या पेटल्या, वांगी भाजली गेली, जांभळ्या साडीचा पदर कमरेला खोचला गेला. चौदा माणसांचं भरीत कुंदाबाईंनी केलं. फाईलमधल्या तक्त्याप्रमाणे त्या वेळी त्या शाही किल्ल्यात असायला हव्या होत्या.

मग आगीतून फुफाट्यात. जेवायला आलेल्यांत आबांचे धाकटे भाऊ होते. त्यांनी रविवारची न्याहारी मागून घेतली. त्यांच्या व्याह्यांनी दुपारचं जेवण. रात्री पुन्हा आबांकडे खापरावरचे मांडे, आणि मांड्याचा उंडा हातावर फिरवत मोठा करायचा तर 'ताईंचाच हात'. प्रत्येक घरातून निघताना कुंदाबाईंना खण-नारळ आणि जीवरामभाऊंना टोपी-टॉवेल. रविवार संध्याकाळपर्यंत भाऊंकडे चार टोप्या आणि चार टॉवेल झाले होते. पाचवी टोपी डोक्यावर ठेवली गेली तेव्हा चौथी काढायची राहून गेली होती.

प्रेक्षणीय स्थळं पाहिली नाहीत असं मात्र म्हणता येणार नाही. जामा मशीद न्याहारीला जाताना डाव्या बाजूने दिसली. असीरगड आबांनी दुरून, हात लांब करून दाखवला. "दिसला ना? झालं मंग. वर माकडंच आहेत." हमामखान्यात मात्र जीवरामभाऊंनी हट्टाने सगळ्यांना नेलं. छतावरची जुनी रंगीत वेलबुट्टी पाहत ते फाईलमधली माहिती वाचू लागले, आणि आबा त्याच छताखाली उभे राहून एका ओळखीच्या माणसाला केळीवर कुठला रोग पडलाय ते सांगू लागले. आवाज घुमण्यासाठी ती वास्तू फारच चांगली आहे. अकराव्या मिनिटाला जेवणाचा फोन आला.

या सगळ्यात जीवरामभाऊंनी तीनदा घसा खाकरून विषय काढला. "आबा, ते जिलेबीचं..."

तिसऱ्यांदा आबांनी ऐकलं. "जिलेबी? एवढंच ना?" त्यांनी मोटारसायकलवर माणूस पिटाळला. रविवारी रात्री मांड्यांनंतर एक किलोचा खोका मधोमध आला. रंगीत, रबर लावलेला. जिलेबी कधीच निवली होती. अठरा माणसांच्या डोळ्यांदेखत कुंदाबाईंनी एक तुकडा उचलला, तोंडात घातला, आणि "छान आहे," म्हणाल्या.

जीवरामभाऊ समोर बसले होते. 'छान आहे' म्हणतानाचा तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. नवी साडी मनासारखी नसली की तो येई. हौसेने ठरवलेली गोष्ट पुढच्या आठवड्यावर गेली की तो येई. तेहतीस वर्षं तो चेहरा समोर येत होता आणि ते त्याला आनंद समजत आले होते. पाच टोप्यांचा धनी असलेल्या त्या माणसाला एकदम फार ओशाळल्यासारखं झालं. गाडी सोमवारी दुपारी एकची होती. हातात फक्त सकाळ उरली होती.

आणि सकाळही आबांनी देऊन टाकली. "साहेब, उद्या चारूच्या शाळेत झेंडावंदन. मी कमिटीवर आहे. तुम्ही प्रमुख पाव्हणे. आठाले बरोबर. दोन शब्द बोला देशाबद्दल."

हमीपत्राची सोय परस्पर झाली होती. एरवी जीवरामभाऊंना या मानाने झोप आली नसती. झोप त्यांना आली नाहीच, पण कारण वेगळं होतं.

सोमवारी सकाळी साडेसहाला त्यांनी कुंदाबाईंना हलवलं. "ऊठ. स्वेटर घाल. बोलू नको."

"काय झालं?"

"तिच्यापाशी जायचंय."

कुंदाबाईंना कळायला एक क्षण लागला. मग त्या इतक्या चटकन उठल्या की भाऊंना त्यांचं वयच आठवेना. चपला हातात घेऊन, चोरासारखी, दोघं अंगण ओलांडून फाटकापर्यंत आली. फाटकापाशी कमलबाई सडा टाकत होत्या.

"आम्ही... मॉर्निंग वॉक," जीवरामभाऊ म्हणाले. चपला अजून हातातच होत्या.

कमलबाईंनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा कुंदाबाईंकडे पाहिलं. दोन दिवस दोन्ही बायका एका चुलीपाशी बसल्या होत्या. निंबानाना, वर्तमानपत्राचा कागद, सगळं त्या चुलीपाशी बोलून झालं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "उजवीकडून जा भाऊ. डाव्या हाताले आबा दूध आणाले गेले आहेत."

दुकान चौकात होतं. शटर अर्धं वर. हलवाई भट्टी पेटवत होता. "पहला घाणा आठ के बाद, साहब. बैठो." दोघं बाकावर बसली. थंडी चांगलीच होती. कुंदाबाईंनी हात भट्टीकडे पसरले आणि कढई, झारा, पिठाचं फडकं असं एकेक पाहू लागल्या. कोणी काही करायला सांगत नव्हतं. त्यांनी मांडीवरचे हात एकदा उलटे करून पाहिले, जणू ते रिकामे कसे याचं त्यांनाच नवल वाटत होतं.

पावणेआठला जीवरामभाऊंचा फोन वाजू लागला. आबा. पुन्हा आबा. भाऊंनी फोन खिशात उलटा ठेवला. मग कळलं की चारुलताची शाळा चौकाच्या मागच्याच गल्लीत होती, कारण तिथल्या भोंग्यातून आबांचा आवाज आला: "आज के प्रमुख अतिथि, जलगाँव से पधारे हुए, श्रीमान जीवराम साहब... थोड़ी ही देर में मंच पर आ रहे हैं!"

भाऊ ताडकन उठले. बूड सवयीने उठलं, त्यांनी उठवलं नाही.

"जा तुम्ही," कुंदाबाई म्हणाल्या. "मी खाईन. तुमचं ते हमीपत्र आहे ना." आणि वर म्हणाल्या, "छान आहे हे पन."

पुन्हा तोच चेहरा.

"श्रीमान जीवराम साहब जहाँ भी हों..." भोंगा म्हणाला.

जीवरामभाऊ एवढ्या थंडीत घामाघूम झाले होते. तेहतीस वर्षांची अखंड हजेरी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. मग ते बाकावर परत बसले, मुद्दाम, बायकोला चिकटून. "पडू दे एक कागद कमी," ते म्हणाले.

हलवाईने फडकं पिळायला घेतलं. पहिली जिलेबी तुपात उतरली, दुसरी, तिसरी. चर्र आवाज झाला आणि खव्याचा वास चौकभर पसरला. कुंदाबाई बाकाच्या अगदी कडेला सरकल्या. जिलेब्या फुलून रंग धरू लागल्या, आणि नेमक्या त्याच क्षणी भोंग्यातून जन-गण-मन सुरू झालं.

हलवाई झाऱ्यासकट ताठ उभा राहिला. चहावाला किटलीसकट. सायकलवाला एक पाय पेडलवरून काढून. जीवरामभाऊ आणि कुंदाबाई बाकासमोर. कढईत जिलेब्या तळल्या जात होत्या आणि त्यांना उलटवणारा हात कपड्याच्या शिवणीला चिकटलेला होता. 'पंजाब सिंधु'ला त्या तांबूस होत्या. 'विंध्य हिमाचल'ला काळपट. हलवाईचे डोळे कढईत होते, मान सरळ होती, कपाळावरून एक थेंब ओघळत होता. कुंदाबाईंचे ओठ राष्ट्रगीत म्हणत होते आणि जीव कढईत अडकला होता. शेवटच्या 'जय हे'नंतर हलवाईने जी उडी मारली, तशी कवायतीतल्या पोरांनीही मारली नसेल.

"थोड़ी कड़क हो गई, साहब. दूसरी बनाता हूँ."

"हीच द्या," कुंदाबाई म्हणाल्या.

बशी आली. जिलेबी इतकी गरम की बोटाने धरवेना. कुंदाबाईंनी फुंकर घालून तुकडा मोडला, पाक बोटांवरून मनगटाकडे ओघळला, तो त्यांनी ओघळू दिला. पहिला घास खाल्ला. दुसरा. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते गरम घासाने आलं असं म्हणायचीही त्यांना गरज वाटली नाही. जीवरामभाऊ तो चेहरा पाहत राहिले. हा त्यांच्या ओळखीचा नव्हता. तेहतीस वर्षांनी भेटला, पण भेटला.

दोन बश्या झाल्यावर कुंदाबाई हलवाईला म्हणाल्या, "पाव किलो बांधून द्या. खोका नको. पेपरात."

"पेपर को चिपक जाएगी, माँजी."

"चिकटू द्या."

आबा स्टेशनवर आले होते. केळीचा घड, बेबाबाईंसाठी गोड दराब्याचा डबा, आणि सहावी टोपी. चेहरा उतरलेला. "साहेब, झेंडा काय कोनासाठी थांबत नाही. पन खुर्ची रिकामी ऱ्हायली."

जीवरामभाऊंनी आयुष्यात अनेकांना कारणं सांगितली होती. आज त्यांनी खरं ते सांगून टाकलं. "आबा, हिला तिथं बसून गरम जिलेबी खायची होती. हिचे वडील नेणार होते, राहून गेलं. मग माझ्याकडूनही राहून गेलं."

आबांनी केळीचा घड खाली ठेवला. मग गरजले, "आधी सांगायचं ना मंग! मी हलवायालेच उचलून आनला असता अंगनात, कढईसकट!" आणि सहावी टोपी त्यांनी पाचवीवर चढवली.

गाडी सुटली. रावेर आलं तेव्हा कुंदाबाईंनी मांडीवरचा पुडा सोडला. जिलेबी थंडगार झाली होती आणि कुठल्याशा बातमीचे दोन-तीन शब्द तिच्यावर उलटे उमटले होते. त्यांनी कागद सोलून एक तोंडात घातली आणि डोळे मिटले.

"गरम चांगली होती," त्या म्हणाल्या. "पन नानाची अशीच लागायची. ही ती."

जीवरामभाऊंनी एक खाल्ली. शाईची चव लागली. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "उद्या कचेरी उघडली की पहिलं काम तुझ्या आधार कार्डाचं. सगळे कागद मी जमवतो. कुंदा जीवराम भारंबे. पुन्हा कोणी कुठं अडवायला नको."

कुंदाबाईंनी बोटं पदराला पुसली. पर्समधून कार्ड काढलं, नावावरून अंगठा फिरवला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "घरावर तुमचं नाव, रेशनवर तुमचं, दारावर पोराचं. नानाचं नाव आता एवढ्या एकाच जागेवर उरलं आहे."

"आणि लॉजवर पुन्हा अडवलं तर?"

"तर वांगी घेऊन जाऊ."

रावेर मागे पडलं. या वेळी त्या उभ्या राहिल्या नाहीत. बसूनच पाहिलं त्यांनी. जिलेबी संपल्यावर तो तुपकट कागद त्या चुरगळणार, तोच जीवरामभाऊंनी तो हातातून घेतला. नीट सपाट केला, चार घड्या घातल्या, बॅगेतून खाकी फाईल काढली आणि हिरव्या दोरीत ओवला. मग पेन काढलं, चष्मा कपाळावर सरकवला, आणि फाईलच्या शेवटी जे त्यांनी तेहतीस वर्षांत कुठल्याही अर्जावर पहिल्या खेपेला लिहिलं नव्हतं, ते लिहिलं: 'कागद पूर्ण आहेत.'

खाली सही केली, तारीख घातली.